व्हॉल्व्हची स्प्रिंग घरी उतरवायची आहे: क्लॅम्प विकत घेऊ की करून घेऊ?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी.

वडिलांची १०० सीसीची मोटारसायकल आहे, २००३ चं मॉडेल. अर्ध्या जिल्ह्याच्या दुधाच्या किटल्या जिच्यावर वाहिल्या गेल्या तीच. वडील आता चालवत नाहीत, मी चालवतो. सकाळी पहिल्या किकला सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपकारा येतो, दोन मिनिटांत साफ. मग दिवसभर काही नाही. मागच्या रविवारी पन्हाळ्यावरून उतरताना थ्रॉटल बंद करून गाडी गिअरवर सोडली होती. वाघबिळाजवळ पुन्हा थ्रॉटल दिला तर मागून येणाऱ्या मित्रानं हॉर्न मारून थांबवलं. म्हणाला, "भावा, डासांची फवारणी चाललीय काय?"

वाचून जे कळलं त्यावरून व्हॉल्व्हचे ऑइल सील (तेल आत झिरपू न देणारे रबर) कडक झालेत. सील स्वस्त आहेत. पण सील बदलायचे तर स्प्रिंग काढायची, आणि स्प्रिंग काढायची तर ती दाबून धरायला टूल हवं. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, मी एकदा उतरवलंय, गॅस्केट बदलायला. तिथपर्यंत भीती नाही. त्याच्या पुढं कधी गेलो नाही.

नेटवर तीन तऱ्हा दिसतात. एक जी क्लॅम्पसारखा, स्क्रू फिरवायचा. एक लिव्हरवाला. एक नुसती नळी, हातोडीनं ठोकायची. किमती अडीचशेपासून तीन हजारांपर्यंत. कुठलं घेऊ?

तांबडापांढरा

मेकॅनिककडं टाक की. असल्या कामाला कोण टूल घेतं होय?

कळंबा_रोड

टाकली होती भावा. नाव घेत नाही. गॅस्केटला हेड उतरवावं लागलं ते त्याच्याच कृपेनं. तेव्हा बघितलं तर एका रिटेनरच्या काठावर स्क्रू ड्रायव्हरनं खरवडल्याचे वळ होते. म्हणजे टूल त्याच्याकडंही नव्हतं.

उद्यमनगरचा_लेथ

कळंबा, किंमत बघून टूल ठरवू नकोस. आधी हेड उतरव, पुसून घे, व्हर्नियर लाव आणि चार मापं कागदावर लिही. मग बाजारात जा.

पहिलं माप रिटेनरचा बाहेरचा व्यास. स्प्रिंगच्या डोक्यावरची ती टोपी, तिला आमच्याकडं कोण कप म्हणतं, कोण वाशर. इथं रिटेनरच म्हणूया. दुसरं, रिटेनर आणि हेडची भिंत यांच्यामधली फट, जिथं सगळ्यात अरुंद असेल तिथली. तिसरं, व्हॉल्व्हच्या मध्यापासून हेडच्या कडेपर्यंतचं अंतर. क्लॅम्पचा जबडा तेवढा आत पोचला पाहिजे. चौथं, व्हॉल्व्हच्या तोंडापासून रिटेनरच्या माथ्यापर्यंतची उंची, क्लॅम्प तेवढा उघडला पाहिजे. लोक हे चौथंच तेवढं बघतात. "चार इंची आहे, बसतंय." अरे बसेल, पण दाबेल कशावर?

खरा खेळ क्लॅम्पच्या टोकाच्या नळीचा आहे. ती नेमकी रिटेनरच्या काठावर टेकायला पाहिजे. रिटेनरपेक्षा मोठी असली तर घसरून स्प्रिंगच्या वेटोळ्यावर जाते. फार बारीक असली तर लॉकवरच (व्हॉल्व्हच्या दांडीच्या खाचेत बसून रिटेनर धरणारे दोन अर्धचंद्री तुकडे) बसते, मग लॉक निघायचे कुठून? शिवाय नळीला दोन्ही अंगांना खिडक्या पाहिजेत. काढताना लॉक मॅग्नेटनं उचलता येतात, पण बसवताना बोट नाहीतर चिमटा आत जायलाच पाहिजे. कारचं टूल बाईकला घेतलं की नेमकं इथं घोडं अडतं.

लिव्हरवालं वाईट नाही. गॅरेजात दिवसाला चार हेडं होतात तिथं तेच बरं, एक हिसका की काम झालं. पण एका हातानं दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं लॉक बसवायचे. घरी एकटा असशील तर स्क्रूवाला घे. स्क्रू जिथं सोडशील तिथं थांबतो, मधे चहा पिऊन आलास तरी चालतंय.

ठोकायच्या नळीत आत मॅग्नेट असतो. वरून एक ठोका दिला की स्प्रिंग क्षणभर दबते, लॉक सुटतात आणि मॅग्नेटला चिकटतात. काढायला झकास. पण व्हॉल्व्हच्या तोंडाखाली कापडाचा घट्ट बोळा पाहिजे, नाहीतर स्प्रिंगऐवजी सगळा व्हॉल्व्हच खाली जातो आणि लॉक तसेच धरून राहतात. बसवायला याच जातीची दुसरी, ढकलायची नळी येते. ती आपल्या स्टेमच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीच्या, जाडीला जुळायला लागते, आणि हात बसेपर्यंत शंभर शिव्या घालायला लागतात.

गुळाची_ढेप

लेथवाले बरोबर सांगताहेत. आता म्हाताऱ्याचं ऐका.

आमच्या गुऱ्हाळावर सिंगल सिलिंडर ऑइल इंजिन होतं, पट्ट्यावर घाणा फिरायचा. वॉलची, म्हंजे तुमच्या व्हॉल्व्हची, कामं मी शेतातच बसून केलेली हायत. टूल कुठलं? लोहाराकडनं करून आणलेला काटा. हातभर लांब पट्टी, मधे दोन बोटं सुटलेली, एका टोकाला भोक. रॉकर, म्हंजे वॉल दाबणारा दांडा, काढला की त्याचा स्टड मोकळा राहतो. पट्टीचं भोक त्या स्टडात घालायचं, वर नट चढवायचा, दोन बोटं वॉलच्या दोन्ही बाजूंनी कपावर ठेवायची आणि दांडा खाली दाबायचा. हेड उतरवायची गरजच न्हाई.

वॉल आत पडत न्हाई काय? पिस्टन अगदी वर आणून ठेवायचा. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडमध्ये आणि त्याच्यात नखाएवढी फट उरते. वॉल सुटला तरी पिस्टनच्या डोक्यावर टेकतो, जाणार कुठं?

फक्त फ्लायव्हीलला दगड लावायला इसरायचं न्हाई. एकदा लॉक काढून ठेवले हुते आणि आमच्या पुतण्यानं पोरखेळ म्हणून चाक फिरवलं. पिस्टन खाली, वॉल आत. तिकडं चुलवाणावर कायल चढलेली, रस आटत आलेला, पुढच्या कायलीचा ऊस तसाच पडून, गुळव्या बोंबलतोय. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात हेड उतरवलं. त्या दिवशीचा गूळ काळा पडला तो पडलाच.

तांबडापांढरा

काका, नाद खुळा!

फुलेवाडी_७

ढेपकाकांची ट्रिक पेट्रोलला तशीच्या तशी चालत नाही. पिस्टन वर असला तरी वर बरीच जागा असते आणि व्हॉल्व्ह बराच आत घसरू शकतो. त्याला उपाय दोरी.

मी मारुती ८०० चे सील हेड न उतरवता बदललेत. स्पार्क प्लग काढायचा, पिस्टन थोडा खाली घ्यायचा, प्लगच्या भोकातून नायलॉनची विणलेली दोरी आत कोंबत जायची. मग क्रँक हातानं, पान्यानं, हळू फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरी हेडला दाबली जाते आणि व्हॉल्व्ह खालून उचलून धरले जातात. आता वरून स्प्रिंग दाबा. रॉकर आधीच काढले असतील तर दोन्ही व्हॉल्व्ह बंदच असतात. रॉकर जागेवर ठेवून करणार असाल तर कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकलाच दोरी घाला, नाहीतर उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन चढेल.

सुतळी नको, काथ्या नको, गुरांचं दावं तर नकोच. धागे सुटून आत राहतात. आणि दोरीच्या बाहेरच्या टोकाला मोठी गाठ मारा. मी पहिल्या वेळी मारली नव्हती. शेवटची चार बोटं दोरी आत गुडूप झाली आणि मी सर्दी झालेल्या माणसासारखा तोंडानं श्वास घेत चिमट्यानं ती अर्धा तास शोधत होतो.

काही जण दोरीऐवजी हवा भरतात. जुन्या प्लगमधलं पोर्सेलिन फोडून त्यावर नोझल जोडायचं आणि कॉम्प्रेसरची हवा सोडायची. त्यात दोन धोके. हवेच्या जोरानं पिस्टन ढकलला जाऊन क्रँक गर्रकन फिरतो, त्यावर पाना अडकलेला असला तर मनगट गेलं. दुसरा म्हणजे लॉक बाहेर असताना हवा संपली की व्हॉल्व्ह आत. ज्याच्या गल्लीत लाइट कधीही जाते त्यानं दोरीच वापरावी.

कळंबा_रोड

पण माझ्या गाडीला रॉकर, कॅम सगळं हेडच्या पोटातच आहे. हेड उतरवावंच लागणार. म्हणजे दोरी आणि काटा दोन्ही बाद, बरोबर?

उद्यमनगरचा_लेथ

बरोबर. शिवाय हेड बाहेर आलं की गाईड, म्हणजे स्टेम जिच्यातून सरकतो ती नळी, तपासता येतं. ते न तपासता सील घालणं म्हणजे गळक्या पत्र्याखाली नवीन गादी घालणं. व्हॉल्व्ह थोडा वर उचलून आडवा हलवून बघ. ठकठक लागलं तर नवा सीलही चार महिन्यांत जाणार.

आयटीआय_ताई

उशिरा आले. धुराबद्दल आधी एक: तुमची दोन्ही लक्षणं सीलचीच आहेत. रात्रभर तेल स्टेमवरून खाली झिरपतं ते सकाळी जळतं. उतारावर थ्रॉटल बंद असताना इनलेटमध्ये ओढ जास्त असते, तेव्हाही तेल सीलमधून आत खेचलं जातं. चढावर, भरल्या थ्रॉटलला सतत धूर असता तर मी आधी पिस्टनच्या रिंगांकडे बघा म्हटलं असतं.

आता टूलबद्दल. मुलांना मी पहिल्या दिवशी टूल देतच नाही. आधी ठोका द्यायला लावते. जुन्या इंजिनात जळक्या तेलाचा थर बसून लॉक आणि रिटेनर एकमेकांना घट्ट धरून असतात. तसाच क्लॅम्प आवळला तर स्प्रिंग दबत नाही, क्लॅम्पच वाकायला लागतो, आणि मग अचानक सगळं सुटतं. म्हणून व्हॉल्व्हखाली लाकूड किंवा कापड ठेवायचं, रिटेनरवर बसेल अशी पान्याची गोटी (सॉकेट) ठेवायची आणि हातोडीचा एक नेमका ठोका. "टक्" असा आवाज आला की थर फुटला. त्यानंतर स्वस्तातला क्लॅम्पही काम करतो. लोक ज्या टूलला नावं ठेवतात त्यातली निम्मी टूलं या ठोक्याअभावी बदनाम झालेली आहेत.

स्प्रिंग लागेल तेवढीच दाबा. लॉक मोकळे झाले की थांबा. पार वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत दाबत बसलात तर स्प्रिंगचा ताण कमी होतो. डोळ्याला चष्मा. साधा नंबरचा चालेल असं समजू नका, बाजूनं उघडा असतो.

नवा_गडी

माझ्या कारला बकेट टॅपेट आहेत. जी क्लॅम्प चालेल का?

आयटीआय_ताई

@नवा_गडी, क्लॅम्प चालेल, पण टोकाची नळी लांब आणि बारीक हवी. रिटेनर बकेटच्या (व्हॉल्व्हवर उलट्या बसणाऱ्या डबीच्या) विहिरीत खोल बसलेला असतो. त्या विहिरीची भिंत आरशासारखी गुळगुळीत असते, तिच्यावरच बकेट सरकते. क्लॅम्पची नळी तिला घासली आणि ओरखडा पडला तर ते सीलपेक्षा फार महागात जातं. पूर्वी फोटोच्या रिळाची प्लॅस्टिकची डबी तळ कापून त्या विहिरीत बसवायचे, भिंतीला संरक्षण म्हणून. आता पाण्याच्या बाटलीची पट्टी कापून गोल वळवून घाला. आणि प्रत्येक बकेट तिच्या शिमसकट (फट जुळवणाऱ्या पातळ चकतीसकट) जिथली तिथंच परत. अदलाबदल झाली की सगळी क्लिअरन्स पहिल्यापासून.

कळंबा_रोड

अपडेट. हेड उतरवलं. मापं घेतली ती वहीत लिहिली. आणि मग लेथदादांचं न ऐकता ऑनलाइन एक सेट मागवला, कारण त्यात पाच नळ्या होत्या आणि पाचातली एक तरी बसेल असं वाटलं.

एक बसली पण. व्यास अगदी बरोबर. पण खिडकी इतकी अरुंद की माझी करंगळीही आत जात नाही. आणि क्लॅम्पची दोन्ही टोकं एकमेकांसमोर नाहीत, नजरेला दिसेल इतकी तिरकी. आवळायला लागलो की नळी एका बाजूला चालायला लागते. परत पाठवला, पैसे आले. आठवडा गेला.

उद्यमनगरचा_लेथ

सांगून ऐकतील ते कोल्हापूरचे कसले.

हे बघ. हार्डवेअरच्या दुकानातून बऱ्यापैकी जाड जी क्लॅम्प घे, तुझं तिसरं माप ज्यात मावेल असा. ओतीव, पातळ, रंग मारलेला नको, तो उघडतो. घडीव बघून घे. स्क्रूच्या टोकाची हलणारी टिकली हातानं हलवून बघ, ढिली चालते पण निसटणारी नको. मग ये दुकानात. पाइपाचा तुकडा रिटेनरच्या मापाला टर्न करू, दोन खिडक्या मिलिंगला कापू.

कळंबा_रोड

शनिवारी गेलो होतो. ते काम बघणं हाच एक सोहळा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादांनी भंगारातून जाड भिंतीचा पाइप काढला, दोन बोटांच्या लांबीचा. चकमध्ये धरला आणि आधी तोंड साफ केलं. माझं हेड (सोबत नेलं होतं, मेकॅनिकनं खरवडलेल्या रिटेनरसकट) समोर ठेवून बाहेरचा व्यास रिटेनरपेक्षा केसभर जास्त ठेवला. आतून बोअर करताना थांबले, हेडवरच्या दोन लॉकांभोवती पाइप उभा करून वरून डोकावून बघितलं आणि म्हणाले, "अजून अर्धा." पुन्हा अर्धा मिमी काढला. मग तोंडाशी आतल्या अंगाला एक बारीक पायरी काढली, रिटेनरचा काठ तिच्यात बसतो आणि नळी सरकत नाही. हे कुठल्याही ऑनलाइन सेटमध्ये नव्हतं.

खिडक्या मी विचार केला होता त्याच्या दुप्पट रुंद. मी म्हटलं पाइप कमजोर होईल. ते म्हणाले, "स्प्रिंग बाईकची आहे, ट्रकची न्हाई. तुझं बोट जाड आहे ते बघ आधी."

पाइप स्क्रूच्या टिकलीला वेल्ड नाही केला. टिकली बसेल अशी मागं एक खाच काढली, नुसता अडकतो. म्हणजे उद्या दुसरी गाडी आली तर दुसरा पाइप. क्लॅम्पच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमची चकती चिकटवली, व्हॉल्व्हच्या तोंडाला ओरखडा नको म्हणून. पैसे विचारले तर १५० आणि दोन चहा.

तांबडापांढरा

अडीचशेचं टूल दीडशेत, वर क्लॅम्पचे वेगळे. हिशोब काय जमला न्हाई भावा 😄

फुलेवाडी_७

@तांबडापांढरा हिशोब जमवायचा असता तर गाडी विकली असती त्यानं.

@कळंबा, उघडायच्या आधी एक ऐक. हेड, क्लॅम्प आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम कर. हसू नको. लॉक उडाला तर पिशवीतच राहतो.

कळंबा_रोड

हसलो. आणि आता भोगतोय.

काल रात्री बसलो. आईची कणकेची परात मागून घेतली, तिच्यात हेड ठेवलं. ताईंनी सांगितलेला ठोका दिला, "टक्" झालं, मनात म्हटलं आपल्याला जमलं. क्लॅम्प आवळला. स्प्रिंग दबत गेली, रिटेनर खाली सरकला आणि स्टेमच्या खाचेत दोन अर्धचंद्र दिसायला लागले, तेलानं काळेभोर. पहिला मॅग्नेटनं अलगद आला. दुसरा तिरका बसला होता. मॅग्नेट ऐवजी स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं, त्याबरोबर क्लॅम्प एक धागा सरकला. परातीवर "टिंग", मग भिंतीवर "टक", मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वाईट होतं.

दीड तास शोधलं. फ्रिज सरकवला. मॅग्नेट दोरीला बांधून कपाटाखाली फिरवला, एक टाचणी, दोन हेअरपिना आणि २००० साली हरवलेली कपाटाची किल्ली मिळाली. लॉक नाही.

आज सकाळी दुकानातून नवी जोडी आणली. सुटा एक देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. संध्याकाळी पँट धुवायला टाकताना दुमडलेल्या पायातून जुना लॉक पडला.

गुळाची_ढेप

😂 गड्या, इंजिनचं काम करताना पँट दुमडायची न्हाई, लुंगी नेसायची.

नवा_गडी

स्प्रिंग जुनी आहे तर ताणून थोडी लांब केली तर जोर वाढतो असं ऐकलंय. खरं का?

आयटीआय_ताई

नाही. ताणलेली स्प्रिंग चार दिवसांत पुन्हा बसते, आणि वेटोळी सारखी न राहिल्यानं वाकडी दाबते. काढलेली स्प्रिंग काचेवर उभी करा, गुण्याला लावून सरळ आहे का बघा, मोकळी लांबी व्हर्नियरनं मोजा. मॅन्युअलमध्ये किमान लांबी दिलेली असते, तिच्याखाली गेली तर नवी.

बसवायचा क्रम लिहिते, कळंबा, तुम्हाला आता तेच लागणार आहे. व्हॉल्व्ह बाहेर ओढायच्या आधी स्टेमच्या लॉकच्या खाचेवर बोट फिरवून बघा, धार किंवा बर (धातूचा उठलेला काठ) असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घालवा. नाहीतर तीच धार गाईडला आतून खरवडते. इनलेट आणि एक्झॉस्टचं सामान दोन वेगळ्या वाट्यांत.

नवा सील दाबायच्या आधी स्प्रिंगखालची चकती जागेवर आहे ना बघा. दर बॅचमध्ये एक तरी मुलगा सील दाबून बसवतो आणि मग चकती हातात घेऊन माझ्याकडे बघत राहतो. सील काढला की वाया जातो. सील बसवायला मापाची गोटी, हातानंच दाबायचं, हातोडी नाही. मग स्टेमला इंजिन ऑइल लावून फिरवत फिरवत आत.

स्प्रिंगची वेटोळी एका टोकाला दाट असतील तर दाट बाजू खाली, हेडकडे.

उद्यमनगरचा_लेथ

आणि लॉक बसवायला ग्रीस. जाड ग्रीसचा एक ठिपका स्टेमच्या खाचेत, एक लॉकच्या आतल्या अंगाला. निमुळती बाजू खाली. चिमटा चांगला असला पाहिजे, भुवयांचा नको.

कळंबा_रोड

झालं!

चिमट्याची गंमत सांगतो. मावसभावाचे सासरे हुपरीत चांदीकाम करतात. त्यांच्याकडं पैंजणाच्या कड्या जोडायचा बारीक टोकाचा चिमटा असतो, तो दोन दिवसांसाठी आणला. त्यांनी विचारलं कशाला, मी म्हटलं इंजिनाला, त्यांनी चिमटा परत मागायला हात पुढं केला. कसाबसा सुटलो.

या वेळी पिशवी वापरली. (फुलेवाडी, माफी.) क्लॅम्प आवळला, खाच पुरती दिसेपर्यंतच. पहिला लॉक चिमट्यात धरून खिडकीतून आत नेला, स्टेमला टेकवला. ग्रीसनं त्याला असा धरून ठेवला जसा भिंतीवर पाल. दुसरा समोरच्या खिडकीतून. तो दोनदा निसटून स्प्रिंगमध्ये पडला, मॅग्नेटनं काढला. तिसऱ्यांदा बसला. मग स्क्रू पाव पाव आट्यानं सैल केला आणि प्रत्येक वेळी थांबून बघितलं. रिटेनर वर येतो आणि दोन्ही लॉक आपोआप एकमेकांकडं सरकून गच्च होतात. दोघांच्या मधल्या दोन्ही फटी सारख्या दिसल्या तेव्हा जीव भांड्यात पडला.

पहिला व्हॉल्व्ह ४० मिनिटं, दुसरा ८.

आयटीआय_ताई

छान. आता हेड दोन लाकडांवर उचलून ठेवा, व्हॉल्व्ह खाली उघडायला जागा पाहिजे. स्टेमच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीनं दोन तीन हलके ठोके. लॉक नीट बसले नसतील तर आत्ताच सुटू देत, चालू इंजिनात नको. ठोकताना टोकावर कापड टाका.

मग हेड उलटं करून, प्लग लावून, चेंबरमध्ये थोडं डिझेल ओता आणि दहा मिनिटं पोर्टमध्ये बघा. रॉकेल आता कुठून आणणार.

कळंबा_रोड

केलं. इनलेट कोरडं ठक्क. एक्झॉस्टला किंचित ओल आली, म्हणून तो व्हॉल्व्ह पुन्हा काढला, ग्राइंडिंग पेस्ट लावून टोकाला रबर असलेल्या काठीनं घासला, सीटवर सगळीकडं सारखी राखाडी पट्टी येईपर्यंत. पेस्ट धुवून काढायला घासण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पुन्हा बसवला, आता दोन्ही कोरडे. या दुसऱ्या फेरीत क्लॅम्पचं मोल कळलं. स्क्रू ड्रायव्हरवर भागवलं असतं तर "असू दे ओल" म्हणून तसंच चढवलं असतं.

एक्झॉस्टचं गाईड जरासं हलतंय हे खरं आहे. आत्ता सोडलं.

उद्यमनगरचा_लेथ

ते गाईड पुढच्या वेळी घरी करू नको. गाईड बदललं की सीट पण कापायला लागते, ते मशिनचं काम आहे. तेव्हा हेड घेऊन ये.

फुलेवाडी_७

घाट झाला का?

कळंबा_रोड

काल झाला. टायमिंगच्या खुणा तीनदा बघितल्या, टॅपेट गार इंजिनवर सेट केले. सकाळी किक मारली, वडील दारात खुर्ची टाकून सायलेन्सरकडं बघत बसले होते. काही नाही. दुपारी पन्हाळा. उतरताना मुद्दाम पूर्ण घाट थ्रॉटल बंद. वाघबिळाला उघडला, मित्र मागंच होता. हॉर्न वाजला नाही. खाली थांबून विचारलं तर म्हणतो, "मी मोबाइल बघत होतो."

परत वर गेलो. पुन्हा उतरलो. या वेळी त्यानं बघितलं, धूर नाही.

नवा_गडी

दादा, तो क्लॅम्प काही दिवसांसाठी मिळेल का? माझी बाईक पण १०० सीसीच आहे. कारचं नंतर बघतो.

कळंबा_रोड

मिळेल. पण आधी तुझ्या रिटेनरचा व्यास मोजून इथं टाक. जुळला नाही तर पाइप दुसरा करावा लागेल, क्लॅम्प तोच चालेल. सध्या तो ढेपकाकांच्या पुतण्याकडं आहे, गुरुवारी परत येईल.

परात मात्र मागू नकोस. ती आईनं कुलुपात ठेवलीय, कपाटाच्या त्या सापडलेल्या किल्लीनं.